टाकीचा झगा

सिस्टरची मोटारसायकल सकाळी एका किकमध्ये सुरू व्हायची आणि डोंगराच्या चढावर जाऊन रुसायची. आधी अडखळायची, मग आचके द्यायची आणि भर रस्त्यात ढिम्म उभी राहायची. तापलेल्या गाडीला किक मारून मारून पायाचे तुकडे पडले तरी तिला दया यायची नाही. सावलीत थोडा वेळ ठेवली की मात्र शहाण्या बाळासारखी सुरू. पुढचा चढ आला की पुन्हा तेच रडगाणं.

सिस्टर म्हणजे दवाखान्यातली नर्स, आणि टेलरमास्तरांची बायको. लहानथोर सगळे तिला सिस्टरच म्हणत. मास्तरांच्या तोंडूनही एकदा सवयीने ‘अहो सिस्टर’ निघून गेलं होतं, तेव्हा ती पोट धरधरून हसली होती. मास्तरांचं दुकान अगदी रस्त्याला लागून. ती केस घट्ट बांधून, औषधांची पेटी मागे करकचून आवळून निघाली की मास्तरांचा पाय मशीनवर थांबायचा. "लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून काय बघताय मास्तर?" असं एका गिऱ्हाइकाने चिडवलं, तर म्हणाले, "बघण्यासारखी आहे म्हणून बघतो. तुमच्या पँटीकडे बघून मला काय मिळणार आहे?"

डोंगरावरच्या वस्त्या हा सिस्टरचा जीव की प्राण होता. तिथल्या बाळंतिणी, म्हातारी माणसं, तान्ही पोरं, सगळ्यांची ती एकटी वाली. वाट इतकी अरुंद आणि खडबडीत की जीप अर्ध्यावरच थांबायची. आणि आता मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, "सिस्टर, पुन्हा एकदा गाडी वाटेत अडकली, तर वस्त्यांची फेरी जीपला देणार. आठवड्यातून एकदा फाट्यावर जाईल, लोक खाली येतील. तुम्ही इथे खिडकीत बसून औषधं वाटा."

"लोक खाली येतील म्हणे!" रात्रीच्या जेवणाला ती ताटावरून हात काढून म्हणाली. "नववा महिना लागलेली बाई तो उतार उतरून फाट्यावर येणार? येणारच नाही हो ती. घरातच राहील, आणि काय व्हायचं ते होईल." तिचे डोळे भरले होते. एवढ्या वर्षांत मास्तरांनी तिला स्वतःसाठी रडताना पाहिलं नव्हतं, ती नेहमी दुसऱ्यांसाठीच रडायची. 

मिस्त्रीकडे खेपा घालून झाल्या होत्या. मिस्त्री म्हणजे कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मालक, हाताने कारागीर आणि तोंडाने फटाका. त्याने प्लग बदलला, कार्ब्युरेटर खोलून धुतला, गार इंजिनावर टॅपेट लावून दिले, शेवटी कॉइलसुद्धा नवी टाकली. प्रत्येक वेळी तो आधी पेट्रोलच्या टाकीवरचं, मास्तरांनी शिवलेलं कव्हर काढून नीट खिळ्याला अडकवायचा. "मास्तर, तुमच्या या झग्याला माझे काळे हात लागायला नकोत बुवा!" म्हणायचा. मग सायलेन्सर लालबुंद होईस्तोवर गाडी पळवून आणायचा, बंद करायचा आणि सगळ्यांदेखत एका किकमध्ये सुरू करून दाखवायचा.

"बघा! गरमागरम गाडी, एका किकमध्ये! माझ्या दारात ही सुतासारखी सरळ असते," शेवटच्या खेपेला तो म्हणाला. "आता राग मानू नका, पण दोष गाडीत नाही. चालवणाऱ्याच्या हातात आहे."

मास्तर तसे गरीब गाय. पण हे ऐकून त्यांचं टाळकंच सरकलं. "चोर सोडून संन्याशाला फाशी होय रे? जिथे तुझी जायची छाती होणार नाही तिथे ती रोज जाते! हाताबद्दल बोलतोस? त्या हातांनी अर्धं गाव जन्माला घातलंय, तुझ्या पोरासकट!"  मिस्त्रीने कव्हर खिळ्यावरून काढून मास्तरांच्या हातात दिलं.

त्या कव्हरबद्दल सांगायलाच हवं. मागच्या पावसाळ्यात टाकीच्या झाकणातून पाणी शिरलं होतं आणि सिस्टरला गाडी ढकलत, चिंब भिजून घरी यावं लागलं होतं. मास्तरांच्या ते मनाला फार लागलं. पाऊस सरल्यावर त्यांनी फुरसतीने माणसाचं माप घ्यावं तसं टेप लावून टाकीचं माप घेतलं. जाड निळं रेक्झीन, कडेने पिवळी पायपिंग, दुहेरी शिलाई, आतून रबराचं अस्तर. झाकणावर तर खास वेगळी टोपी शिवली, तिलाही आतून रबर आणि आवळायला नाडी. पाण्याचा थेंब काय, वारासुद्धा आत जाणार नाही अशी. आयुष्यात शेरवान्या शिवल्या, सूट शिवले, पण असं नामी काम त्यांच्या हातून दुसरं झालं नव्हतं.

दुकानाला सुट्टी होती त्या दिवशी मास्तर हट्टाने गाडीवर मागे बसले. "अडली तर ढकलायला माणूस हवा," म्हणाले. वरच्या वस्तीतल्या एका पहिलटकरणीच्या पोटात सकाळपासून कळा येत होत्या, आणि तिथून पोचलेला निरोप ऐकून सिस्टरचा चेहरा नेहमीपेक्षा गंभीर झाला होता. आज गाडी अडून चालणारच नव्हतं. सपाटीवर गाडी छान पळाली. चढ लागला, आणि मधल्या वळणावर तिने पहिला आचका दिला. मग दुसरा. मग मेली.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. सिस्टर मात्र खाली उतरली, हात पुसले आणि गाडीसमोर अशी उभी राहिली की मास्तरांना वाटलं, आता ही हिची नाडी बघते की काय!

"आजवर मिस्त्रीवर सोडलं, तिथेच चुकलं," ती म्हणाली. "तो हिला बरी असताना तपासतो. आजारी असताना मीच तपासायला हवी." तिने गरम प्लग फडक्यात धरून काढला, वायरीत खोचला, इंजिनाला टेकवला. "मारा किक." मास्तरांनी मारली. प्लगच्या टोकाला निळी ठिणगी चटचट उडाली. "ठिणगी ठणठणीत आहे. म्हणजे डोकं शाबूत. आता पोटाकडे बघू." तिने प्लग परत बसवला आणि कार्ब्युरेटरला येणारी पेट्रोलची नळी ओढून काढली. टाकी निम्म्याहून जास्त भरलेली, पण नळीतून चार थेंब टपकले आणि थांबले.

"पेट्रोल आहे, पण खाली उतरत नाही," ती पुटपुटली. "कधीपासून हे? कशानंतर?" दवाखान्यात ती प्रत्येक पेशंटला विचारायची तेच दोन प्रश्न. मास्तर थक्क होऊन बघत होते. वर एक बाई कळा देतेय, इथे गाडी मेलीय, आणि या बाईचा आवाजसुद्धा हलत नाही. सिस्टरची नजर टाकीवर थांबली. मग ती एकदम म्हणाली, "अहो, खाली ओढ्यावरून बाटली भरून आणता का? घसा कोरडा पडलाय."

मास्तर धावत गेले, धावत आले. येऊन पाहतात तर गाडी सुरू! घड्याळासारखी एका लयीत टकटकत होती.

"अगं, काय केलंस काय?"

"कचरा अडकला होता नळीत. निघाला. बसा पटकन."

"आणि कव्हर?"

"त्यावर पेट्रोल सांडलं. पिशवीत ठेवलंय. बसा हो!"

पुढचा सगळा चढ गाडीने एकदाही ब्र न काढता कापला. वस्तीवर पोचताच सिस्टर पहिलटकरणीच्या घरात शिरली, मास्तर अंगणात बसून राहिले. आतून सिस्टरचा आवाज येत होता, कधी दटावणारा, कधी गोंजारणारा, आणि मग एका इवल्या जिवाने असा काही टाहो फोडला की मास्तरांनी आपसूक हात जोडले. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता, थोडा उशीर झाला असता तरी कठीण होतं, असं त्या घरातली आजी रडत रडत सांगत होती. मास्तरांना बायकोच्या पाया पडावंसं वाटलं. लोक हसतील म्हणून पडले नाहीत, एवढंच.

त्यानंतर गाडी कधीच अडली नाही. मोठ्या डॉक्टरांनी जीपचा विषय काढणं सोडलं. संध्याकाळी कव्हर टाकीवर जिथल्या तिथे, निळं आणि झकास दिसायचं. मास्तर खूश.

पुढे एकदा संध्याकाळी टोपीची शिवण जरा उसवल्यासारखी वाटली म्हणून त्यांनी कव्हर काढायला घेतलं, आणि त्यांचा हात थांबला. नाडीची गाठ त्यांची नव्हती. ते नेहमी ओढली की सुटेल अशी फुलगाठ मारत. ही सपाट, घट्ट, नर्स मारते तशी होती. ती सोडून कव्हर उचललं तर खाली टाकीवर लाल धुळीचा हा थर! कव्हर मात्र वरून लख्ख. वाटेतली सगळी धूळ कव्हरच्या आत, बाहेर कणसुद्धा नाही, हे कसं? टाकी उघडी फिरल्याशिवाय नाही.

मास्तर तडक गॅरेजमध्ये गेले. "टाकीच्या झाकणाला भोक असतं का रे?"

"असतं की, बारीक. पेट्रोल खाली जायचं तर वरून हवा आत नको यायला? बाटली उलटी धरली की कशी डचमळत अडते, तसंच."

"आणि ते भोक बुजलं तर?"

"सपाटीवर भागतं. चढाला पेट्रोल जास्त लागतं, मग गाडी गुदमरते. उभी ठेवली की हळूहळू कुठून तरी हवा शिरते आणि सुरू होते. लोकांना वाटतं गार झाली म्हणून..." मिस्त्री बोलता बोलता थांबला. त्याने भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! काखेत कळसा आणि गावाला वळसा! मीच दर वेळी तो झगा काढून ठेवत होतो! मास्तर, कुठे बोलू नका हं हे."

मास्तर कशाला बोलतील? ते घरी येऊन ओसरीवर बसले. आपणच, आपल्या हातांनी, एवढ्या प्रेमाने तिच्या गाडीचा गळा आवळला होता. आणि तिला त्या वळणावर ते कळलं होतं. कळलं, म्हणून तिने आपल्याला पाण्याला धाडलं. त्यानंतर रोज बाहेर पडल्यावर ती कव्हर काढत होती, आणि घरी यायच्या आधी नीट बांधून, आपल्याला कळू नये म्हणून परत चढवत होती. मास्तरांना लाज वाटली, आणि तिच्याविषयी इतकी माया दाटून आली की छाती भरून आली.

त्यांनी दिवा जवळ ओढला. कात्री घेतली. टोपीच्या बरोबर मधोमध, रबरासकट, भोक पाडलं. आणि त्याच्या कडेने हाताने काज केलं. नवरदेवाच्या कोटाला करावं तसं, पिवळ्या रेशमी दोऱ्याने, टाक्याला टाका लावून.

सकाळी सिस्टर गाडीपाशी आली. तिने काजाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"सांगायचं नाहीस होय?" मास्तर म्हणाले.  "रोज काढायचं, रोज घालायचं. केवढा हा उपद्व्याप!"

"दिवसातून एकदा कुठे?" ती म्हणाली. "प्रत्येक वस्तीच्या अलीकडे थांबून घालते, निघाले की पुन्हा काढते. तिथल्या बायका सगळ्या कव्हर बघायला येतात. विचारतात, कुणी शिवलं? उघडी गाडी घेऊन गेले तर मी काय सांगू त्यांना?"

तिने बोटाने काज एकदा चाचपलं, किक मारली आणि निघाली. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं. मास्तर रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, आणि चढावरून गाडीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत आत गेले नाहीत.