पुढच्या चाकाचा सांधा

मागचं सीट उपसून बाहेर ओढलं तसा उंदरांच्या मुताचा असा भपकारा आला, की निवृत्ती तोंड फिरवून दोन पावलं मागे सरला. सीटच्या काथ्यात घरटं होतं. त्यात गुलाबी, उघडी पिल्लं वळवळत होती आणि त्यांच्याशेजारी एक मेलेला उंदीर वाळून चामड्यासारखा झाला होता.

“वरून रेक्झिन ठोकून टाक,” पत्र्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेले अण्णाराव म्हणाले. “गिऱ्हाईक काय काथ्या हुंगून बघतंय व्हय?”

“काथ्या बदलावाच लागंल, मालक.”

“अत्तर मारू की!” अण्णाराव स्वतःच्या विनोदावर हसले आणि बसल्या जागेवरून थुंकले. पानाची पिंक गाडीच्या चाकावर पडून ओघळली.

निवृत्तीने ती चिंधीने पुसली. काथ्या त्याने बदललाच.

निवृत्ती नांदेडचा. तीस वर्षं एका लिंबाखाली बसून त्याने पाण्याची इंजिनं आणि मोटारी दुरुस्त केल्या होत्या. पण दोन सालं पाऊस नव्हता, विहिरी तळाला गेल्या होत्या आणि कोरड्या विहिरीवरचं इंजिन कोणी दुरुस्तीला आणत नाही. इकडे लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. रोज नवी कचेरी, रोज नव्या जीपा. गाड्यांची दलाली करणाऱ्या अण्णारावांनी कचेऱ्यांच्या रस्त्यावर गाळे बांधले होते. त्यांनी निरोप धाडला, ‘ही गाडी चालती करून दे, इकली गेली की कोपऱ्यातला गाळा तुझा.’ बावन्नाव्या वर्षी डोक्यावर छप्पर आणि पुढे शटर! निवृत्ती हत्यारांची पेटी घेऊन पहिल्या एसटीने आला होता.

गाडी उदगीरकडच्या एका जहागीरदाराची. काळी, लांब नाकाची, चौदा वर्षं गोठ्यात उभी. तिचं नाव कुणालाच धड म्हणता येत नसे. सगळे तिला ‘फ्रान्सवाली’ म्हणत. पहिल्या दिवशी निवृत्ती तिच्याखाली शिरला आणि चक्रावला. इंजिनाकडून मागच्या चाकांकडे काही जातच नव्हतं! मग त्याला उमगलं, की ह्या गाडीला पुढची चाकं ओढतात. मागची नुसती पाठोपाठ येतात. त्या शहाणपणावर तो आडवा पडल्यापडल्या खूश झाला होता. अकरा दिवसांत त्याने व्हॉल्व्ह घासले, ब्रेकची रबरं बदलली, कुरतडलेल्या वायरी नव्याने ओढल्या. इंजिन आता नीट श्वास घेत होतं.

राहिला होता उजव्या चाकाचा सांधा. स्टिअरिंग पुरतं वळवलं की तो कटकट वाजे. निवृत्तीने मोजून पाहिलं. आतला क्रॉस, म्हणजे सांधा फिरवणारा लोखंडी फुलीसारखा तुकडा, तीन मिलिमीटर झिजला होता. गाडी सरळ चालली तर चालेल; पण ओझं भरून वळणावर जोर दिला की एक दिवस तो तुटणार, आणि तुटला की चाक जागीच अडकणार.

“नांदेडला लेथवर नवा क्रॉस करून आणतो. आठ रोज द्या.”

“मंगळवारी पाव्हणे गाडी बघाया येनार हायत. आवाज बंद कर.”

“आवाज बंद करून झीज भरती का, मालक?”

“तुला गाळा पाहिजे का न्हाई?”

निवृत्तीने जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या, ग्रीसमध्ये भिजवल्या आणि सांध्यावरच्या चामड्याच्या पिशवीत बोटाने कोंबल्या. कटकट थांबली. त्या दुपारी त्याने तीनदा हात धुतले, तरी ग्रीसचा वास जाईना. शेवटी त्याने भाकर कुत्र्याला टाकली.

मंगळवारी सकाळी अण्णारावांनी अर्धा टँकर मागवून गाडी धुवायला लावली. टँकरमागे आलेल्या बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. एकीने पुढे होऊन गाडीच्या पत्र्यावरून ओघळणाऱ्या धारेखाली कळशी लावली.

“अगं, साबणाचं हाय ते!” अण्णाराव ओरडले.

“भांड्याला हुतंय,” ती कळशी न हलवता म्हणाली.

निवृत्तीने पाइप खाली टाकला. अण्णाराव जवळ येऊन हळूच म्हणाले, “आन् हे बघ, नाव-आडनाव इचारलं तर नुसतं मिस्त्री म्हन. पाव्हणे जुन्या वळणाचे हायत.”

निवृत्तीने पुन्हा पाइप उचलला. असलं काही ऐकण्याची त्याची ही पहिली वेळ नव्हती.

पाहुणे म्हणजे निलंग्याकडचे शंकरप्पा आणि त्यांच्या पत्नी शिवम्मा. शंकरप्पांचा जन्म ट्रक चालवण्यात गेला होता. आता लग्नाच्या वरातींना भाड्याने द्यायला त्यांना ही गाडी हवी होती. त्यांनी अण्णारावांना गाडी हळू चालवायला लावली आणि ट्रकचा जोर मागच्या चाकांवर असतो, त्या सवयीने मागच्या चाकाशी कान लावून वाकून चालत राहिले.

“मागं कायच वाजत न्हाई की!”

“फ्रान्सचं काम हाय, अप्पा. मागं वाजायला काय ठेवलंच न्हाई!”

सगळे हसले. शिवम्मा आत बसून सीट दाबून पाहत होत्या. “पैली वरात आपल्या धाकटीचीच,” त्या म्हणाल्या. “मागं पाच जणी बसतेत. म्होरं चार. चढावर वढंल का वो, मिस्त्री?”

नऊ माणसं. निवृत्तीला ती दिसली नाहीत; त्याला दिसला तो तीन मिलिमीटर झिजलेला क्रॉस, चढावरचं वळण आणि त्यावर नऊ माणसांचं वजन. तो चाकाशी खाली बसला. पिशवीची पट्टी सोडली आणि बोट घालून ओढू लागला. काळ्या, चिकट पट्ट्या आतड्यासारख्या बाहेर येत राहिल्या.

“आता वळवून बघा, अप्पा. इंजान म्होरची चाकं ओढतंय, दुखणं बी म्होरंच हाय.”

शंकरप्पांनी स्टिअरिंग पुरतं वळवून गाडी हलवली. कट्, कट्, कट्. ते उतरले.

“कुनी कोंबलं हे?”

अण्णाराव चटकन बोलले, “ह्या मिस्त्री लोकांचं काय सांगावं...”

“मीच,” निवृत्ती म्हणाला.

शंकरप्पांनी पायाने पट्ट्या दूर सारल्या. “थू तुझ्या कामाला,” एवढंच म्हणाले. शिवम्मा उतरल्या आणि पदर आवरून, त्याला लांबून वळसा घालून निघून गेल्या.

“गेला तुझा गाळा,” अण्णाराव दात खात म्हणाले. “पेटी उचल आन् चालता हो. पुढल्या हप्त्यात दुसरा मिस्त्री आनतो, दुसरं गिऱ्हाईक आनतो.”

“हाव, मालक.”

वारा सुटला होता आणि मोकळ्या रानावरची धूळ शेडमध्ये शिरत होती. निवृत्तीने चाक काढलं. सांधा रॉकेलने धुतला, त्यात स्वच्छ ग्रीस भरलं, चामड्याची पिशवी नीट ओढून पट्टी आवळली. चाक परत चढवलं आणि समोरासमोरचे बोल्ट एकाआड एक कसू लागला.

“आरं, ऐकू येत न्हाई का? निघ म्हनलं ना!”

“निघतो, मालक,” तो मान वर न करता म्हणाला. “दोन बोल्ट राहिलेत.”