जंबेरीची फूट

“आवं, जेवाले या ना! कवाची भाकर वाढून ठेवली,” गोदाबाईनं पुन्हा हाक मारली, पण देवीदास बागेतून हलायला तयार नव्हता. एका झाडापाशी वाकायचा, बुंधा चाचपायचा, की चालला पुढच्याकडं.

सकाळीच तो अकोल्याच्या तुरुंगातून मोर्शीला परतला होता. राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला म्हणून इंग्रज सरकारनं त्याला आत टाकलं, तेव्हा ही संत्र्याची कलमं गुडघ्याएवढीही नव्हती. आता खांद्याला लागत होती. पोलिसांच्या धाकानं शेजारीपाजारी बागेकडं फिरकत नव्हते. सारा उन्हाळा गोदाबाईनं एकटीनं विहिरीवरून घागरी वाहिल्या. नवरा येईल, बाग बघेल, शाबास म्हणेल, या एका आशेवर तिनं वर्ष काढलं. आणि हा बाबा तोंडातून शब्द काढत नव्हता! तिचा जीव थाऱ्यावर राहिना. पदर खोचून ती त्याच्यामागं गेली.

“काय झालं? कीड लागली का?”

“नाई.” त्यानं बुंध्याशी बोट लावलं. तिथं केळीच्या सोपटानं बांधलेला कलमाचा डोळा वाळून काडी झाला होता. त्याच्या खालून फुटलेली फांदी मात्र हिरवीगार, काटेरी. “हे संत्रं नोय. जंबेरी हाय, जंगली लिंबू. बुडाचा खुंट जंबेरीचा रायते, त्याच्यावर संत्र्याचा डोळा बांधतेत. जातानी सांगतलं होतं ना तुले, डोळ्याखालचे फुटवे तोडत जाजो?”

सांगितलं होतं, आणि तिनं ऐकलंही होतं. पण तिचं माहेर भातकुलीकडचं, खाऱ्या पाण्याचं. तिथं परसात मिरचीचं रोप तगलं तरी घरादाराला कोण कौतुक! विळा घेऊन ती कितीदा या फुटव्यांपुढं बसली आणि तशीच उठली. जगायला निघालेलं कापायचं तरी कसं?

“मंग याले फळच नाई येत?”

“येईन ना. खरबुडं, आंबट. लोनच्याले, तापातल्या सरबताले. बाजारात कोन इचारते त्याले?”

तो रागावला असता तर तीही तावातावानं भांडली असती. पण तो नुसता बांधावर टेकला, आणि गोदाबाईला भडभडून आलं. आपल्याच मायेनं आपण बाग बुडवली, हे तिला सहन होईना.

“आता काईच होत नाई का?”

“बुडापासून छाटून नवे डोळे बांधा लागतीन. पह्यल्यापासून सारं. मी छाटतो उद्या. तू घरातच राय. तुह्याच्यानं पाहवनार नाई.”

गोदाबाई घरात गेली आणि विळा घेऊन आली.

“तुमी बसा,” ती म्हणाली. “मी वाढवले, मीच छाटतो.”

पहिल्याच झाडाशी काट्यांनी मनगट ओरबाडलं, तरी तिचा हात थांबला नाही. देवीदास बघत राहिला. कापलेली फांदी ती फेकून देत नव्हती. एकेक हलक्या हातानं उचलून बांधाकडच्या सावलीत नेऊन ठेवत होती.