गोठ्याच्या मातीतली भाजी

लीला निळी पडली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं. माझ्या जावेची, शरदिनीची, ही नुकतीच उष्टावण झालेली पोर. उकडलेल्या पालकाचं पाणी पाजलं की तिचे ओठ जांभळे पडत, श्वास लागे. पालक मी खुडायची, उकडायचीही मीच. मी थोरली सून, विधवा, पदरात मूल नाही. संशय घ्यायला आणखी काय लागतं?

मी चुलीशी असले की सासूबाई दारात येऊन बसत. शरदिनी वाटी आधी हुंगे, मग पोरीला देई. बघता बघता मलाही तोच रोग जडला. कुणी माझ्या नकळत भांड्यात काही टाकतंय का? मला घालवायला शरदिनीच तर नाही? पोरीच्या आईबद्दलच असा विचार आला याची लाज वाटली, पण आला.

मामंजी, ढुंढिराजशास्त्री, दुर्गाघाटावरचे मोठे वैदिक. बाजारातली भाजी गटाराच्या पाण्यावर वाढते म्हणून ती आमच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. जुना गोठा मोडून त्या जागेवर त्यांनी पालक लावला होता. चारी बाजूंनी उंच भिंती, त्यात थंडीचं धुकं. ऊन कसलं ते दिसत नसे. मी पहाटे गंगेवरून येऊन सोवळ्यात खुडायची.

शेवटी सरकारी इस्पितळातले बंगाली डॉक्टर आले. त्यांनी पोरीला तपासलं, मग परसात जाऊन भिंतीवरचा पांढरा लोणा नखाने खरवडला.

"ये शोरा है, पंडितजी. सरकार इसी से बारूद बनाती है."

गायींच्या मुतामुळे इथली माती या शोऱ्याच्या खाराने भरलीय, ते म्हणाले. भाजी तो शोषते आणि ऊन मिळालं तर पचवते. इथे ऊन नाही, त्यात तुम्ही पहाटेच खुडता, मग तो पानातच राहतो. मोठ्यांना बाधत नाही, तान्ह्याचं रक्त बिघडवत असावा. खात्री देत नाही, पण ही भाजी बंद करा.

डॉक्टर गेल्यावर मामंजी शांतपणे म्हणाले, "गोमूत्राने पवित्र झालेली जमीन विष देत नाही. विष हातात असतं."

माझ्याकडून चूल काढून घेतली. पालक मात्र तिथलाच शिजत राहिला. शरदिनीने स्वतः पाजला आणि पोर पुन्हा निळी पडली. तरी बोट माझ्याकडेच, माझी नजर लागली म्हणे. मला संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. असंच चाललं तर पोर हातची जाणार होती.

मी मामंजींसमोर जाऊन उभी राहिले.

"करणी मीच केली. गोठ्याच्या मातीत पुरलीय. कुठे ते आता मलाही सापडणार नाही."

त्याच दिवशी सगळा पालक उपटला गेला. जागेवर गंगाजल शिंपडून फरशी घातली. डॉक्टरांचं न ऐकणाऱ्या घराने माझं एका शब्दात ऐकलं.

पोर भराभर सुधारली. मला रामघाटावरच्या एका विधवाश्रमात धाडायचं ठरलं. निघताना लीलाला एकदा घेऊ का, म्हणून विचारलं. शरदिनीने तिचं तोंड पदराखाली झाकलं आणि आत निघून गेली. जिना उतरताना मला हुंदका आवरला नाही. पण करणीचं कुणी विचारलं असतं, तर मी पुन्हा तेच सांगितलं असतं.