पहिलीच्या बाई

रूपालीच्या बाकाखालून ओघळ निघाला आणि फरशीच्या उतारावरून हळूहळू फळ्याकडे येऊ लागला, तेव्हा सरोजबाई मुलांकडून ‘द कॅट इज ऑन द मॅट’ म्हणून घेत होत्या. पहिल्या बाकावरचा एकजण ओरडला, “बाई, हिनं—” आणि त्यानं जीभ चावली. वर्गात मराठी बोलायचं नव्हतं. मग त्यानं नुसतंच बोट दाखवलं.

रूपाली उभी होती. मान खाली, दोन्ही मुठींत फ्रॉक घट्ट धरून. थोड्या वेळापूर्वीच तिनं हात वर केला होता. “बाई, मला—” एवढं तिनं म्हटलं आणि बाई म्हणाल्या, “इन इंग्लिश.” बाहेरच्या व्हरांड्यात त्या वेळी शाळेचे सेक्रेटरी हिम्मतराव कोणाशी तरी बोलत उभे होते. लघवीला जायचं इंग्रजी वाक्य सगळ्यांकडून पाठ करून घेतलेलं होतं. रूपालीनं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मग ती खाली बसली. बाईंना वाटलं, नसेल एवढी घाई.

त्यांनी तिला मागच्या नळावर नेलं. स्वतः तिचे पाय धुतले, स्नेहसंमेलनाच्या पेटीतला एक जुना परकर काढून तिला नेसवला. पोर रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. इकडेतिकडे बघून, कोणी नाही अशी खात्री करून ती हळूच म्हणाली, “बाई, आजीला सांगू नका.”

“नाही सांगणार.”

“देवाची शप्पत?”

“शपथ,” बाई म्हणाल्या.

सरोज देऊळगावकर लग्न होऊन परभणीहून हैदराबादेत आल्या, त्याच वर्षी नल्लकुंट्याच्या या शाळेत लागल्या आणि तेव्हापासून पहिलीच्या वर्गावरच होत्या. निजामाच्या काळात काही वकिलांनी मराठी मुलांसाठी काढलेली ही शाळा. नल्लकुंट्यात आणि विद्यानगरात असे कितीतरी सरकारी अधिकारी, वकील, डॉक्टर होते ज्यांना पहिलं अक्षर सरोजबाईंनी काढायला शिकवलं होतं. ‘च’ शिकवायच्या दिवशी त्या प्रत्येकाच्या जिभेवर चिंचेचं बुटुक ठेवत. पोरं डोळे मिटून, तोंडं वाकडी करून ‘च’ म्हणत, आणि तो ‘च’ कोणी कधी विसरत नसे.

पण त्या अधिकाऱ्यांची मुलं या शाळेत येत नव्हती. विद्यानगरच्या रस्त्यावर घराघरावर कॉम्प्युटर शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. गच्च्यांवर परदेशी चॅनेलांच्या छत्र्या उगवल्या होत्या. ज्याच्या त्याच्या तोंडी अमेरिका होती. शाळेचे वर्ग दरवर्षी रिकामे होत गेले. शेवटी एका उन्हाळ्यात हिम्मतरावांनी सगळ्या शिक्षकांना बोलावून सांगितलं की, जूनपासून पहिलीपासूनच इंग्रजी माध्यम.

“बाई, मला बी वाईट वाटायलंय,” ते सरोजबाईंना एकटीला गाठून म्हणाले होते. हिम्मतराव हायकोर्टातले वकील, स्वतः याच शाळेत शिकलेले. “पण पोरंच नसली तर शाळा चालवायची कोणासाठी? जमाना बदलला. तुम्ही उन्हाळ्यात एखादा क्लास लावून घ्या. पहिलीला काय लागतंय? ए, बी, सी, डी तर आहे.”

त्यांनी क्लास लावला. कॉलेजच्या पोरापोरींमध्ये शेवटच्या खुर्चीवर बसून त्या इंग्रजी बोलायला शिकल्या. सगळे त्यांना आंटी म्हणत. शिकवणारा मुलगा त्यांच्या मुलापेक्षा, गिरीशपेक्षाही लहान. एकदा त्यानं त्यांना उभं करून तुमच्या कामाबद्दल बोला म्हणून सांगितलं. आयुष्यभर केलेलं काम, पण त्याबद्दल त्यांना ‘आय अ‍ॅम टीचर’ यापुढे एक अक्षर सुचलं नाही. घरी येऊन कुकर लावताना मात्र सगळं भराभर सुचत गेलं. मराठीत.

त्या दिवशी रूपालीचा फ्रॉक त्यांनी धुऊन दोरीवर वाळत घातला आणि संध्याकाळी आजी न्यायला यायच्या आधी तिला परत घातला. रात्रभर त्यांना ते पोरीचं उघडमीट होणारं तोंड दिसत राहिलं. क्लासमध्ये त्या उभ्या होत्या तेव्हा त्यांचंही तसंच झालं असणार.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर त्यांनी वर्गाचं दार लोटून घेतलं.

“आज मराठीत बोलायचं,” त्या म्हणाल्या. “पण हळू. आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाही.”

पोरं आधी एकमेकांकडे बघत राहिली. मग एकानं काल घरी मांजर व्याली हे सांगितलं, आणि सगळा वर्ग एकदम बोलायला लागला. रूपालीनंही हात वर केला.

“बाई, आमच्या घरामागून रेल जाती. रेल आली की सगळे भांडे हालायलेत. आजी म्हणती, भांडे नाचायलेत.”

सगळे हसले. रूपाली उठून भांडी कशी नाचतात ते करून दाखवू लागली. तिचा आवाज असा खणखणीत असेल हे बाईंना माहीतच नव्हतं.

त्यानंतर रोज दार बंद होऊ लागलं. बाई आधी मराठीत गोष्ट सांगत, मग त्यातले इंग्रजी शब्द शिकवत. गाणी म्हणून घेत. चिंचही आणली. माध्यम बदलल्यानंतर पहिल्यांदाच त्यांना सकाळी लवकर जाग येऊ लागली. घरी त्यांचे यजमान मुकुंदराव म्हणालेसुद्धा, “काय, आजकाल स्वारी खुशीत दिसते.”

कोंडाबाई आली ती मधल्या सुट्टीत. रूपालीची आजी. शाळेजवळच्या एका खाजगी दवाखान्यात ती झाडलोट करायची. दवाखान्याची निळी साडी तिच्या अंगावर तशीच होती. तिचा नवरा भिवाजी नांदेडकडून येऊन सिकंदराबादला रेल्वेत गँगमन झाला, लाइनीवर काम करतानाच गेला. मुलगा रवी त्याच्या जागी रेल्वेतच लागला. सकाळी कामावर येताना ती नातीला बोटाला धरून घेऊन यायची आणि जाताना घेऊन जायची, एवढंच बाईंना तिच्याबद्दल ठाऊक होतं.

बाईंनी तिला बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही.

“बाई, रूपाली घरी येऊन मराठी गाणे म्हणायली.”

“हो, गोड म्हणते. फार हुशार आहे तुमची नात.”

“हुशार हाय ते मला ठाऊक हाय. गाणे मला बी येतेत. गाणे शिकायला साळंत नाही घातली तिला.”

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. “कोंडाबाई, लहान आहे हो ती. एकदम सगळं इंग्रजीतून तिला समजत नाही. घाबरते. गप्प बसते.”

“बसंल गप. समजंल हळूहळू.”

“पण तोवर तिला काय होतं…” बाई बोलता बोलता थांबल्या. त्या दिवशीची गोष्ट ओठांवर आली होती. ती सांगितली असती तर कोंडाबाई कदाचित विरघळली असती. पण पोरीजवळ शपथ घेतलेली होती.

“माझ्या रवीला मराठीत सगळं समजलं, बाई,” कोंडाबाई म्हणाली. “धा वर्सं मराठीत शिकला. एकदा बी नापास नाही. आज काय करायला? रेलचे डबे धुवायला. सायेब इंग्लिशमधे काही बोलला की खाली मान घालून उभं ऱ्हायतो. बापासारखा.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “तुमचा गिरीश कुठल्या साळंत होता, बाई?”

गिरीश कॉन्व्हेंटमध्ये होता हे सगळ्या नल्लकुंट्याला माहीत होतं. आता तो बंगळुरूला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि तिकडून अमेरिकेला जाणार होता. घरी येई तेव्हा मराठी वर्तमानपत्र तो आईकडूनच वाचून घेत असे.

“आपल्या वर्गात कामून नाही बसवलं त्याला?”

तिच्या आवाजात राग नव्हता. भांडायला आलेल्या बाईशी भांडता तरी येतं.

“तुम्ही त्याच्यावर नाही दया केली,” कोंडाबाई म्हणाली. “मग माझ्या नातीवर कामून करायलाव?”

मुलं डबे खाऊन वर्गात परत येत होती. रूपाली आजीला बघून दारातच थबकली. कोंडाबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही.

“म्या सेक्रेटरी सायबाकडं नाही गेले. जाणार बी नाही. तुमच्याकडंच आले,” ती म्हणाली, आणि हात जोडून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सरोजबाईंनी वर्गाचं दार सताड उघडं ठेवलं. ‘द कॅट इज ऑन द मॅट.’ मुलं गोंधळली. एक-दोघांनी हळूच मराठीत विचारलं, तेव्हा बाईंनी फक्त मान हलवली. रूपालीनं काही विचारलं नाही. ती पुन्हा बाकाकडे बघत बसू लागली.

बाई घरी शब्दकोश घेऊन बसत. मोठ्यानं वाचत. तरी एक दिवस त्यांनी फळ्यावर लिहिलेलं एक वाक्य दारावरून जाणाऱ्या ज्योतीनं वाचलं आणि ती क्षणभर थांबली. ज्योती नवीन आलेली, कॉन्व्हेंटात शिकलेली तरुण शिक्षिका. मग ती पुढे गेली. सुट्टीत बाईंनीच तिला विचारलं, तेव्हा ती ओशाळून म्हणाली, “काही नाही मॅडम, छोटंसंच आहे. ‘हॅव’ नाही, ‘हॅज’ पाहिजे होतं.”

मुलांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलेलं होतं. रूपालीनं सगळ्यांपेक्षा सुबक.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर सरोजबाई हिम्मतरावांच्या खोलीत गेल्या.

“पहिली ज्योतीला द्या,” त्या म्हणाल्या.

हिम्मतरावांनी चष्मा काढला. “कोणी काही बोललं का तुम्हाला? हौ तर सांगा.”

“कोणी नाही. इंग्रजी शिकवायचं तर येणाऱ्यानं शिकवावं.”

“अहो, पण पहिली म्हणजे तुम्ही. लोक काय म्हणतील?”

“लोकांची मुलं कुठे आहेत आपल्याकडे?”

हिम्मतराव बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. नाही म्हणायला पाहिजे हे त्यांना समजत होतं, पण त्यांना हायसंही वाटलं होतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. “मग नर्सरी घ्या,” ते शेवटी म्हणाले. “रडणारी पोरं असतात. तुमच्यासारखं कोणी सांभाळणार नाही त्यांना.”

नर्सरीत बाईंना फार बोलावं लागत नसे. बुटांचे बंद बांधायचे, नाकं पुसायची, झोप आलेल्याला मांडीवर घ्यायचं. भिंतीपलीकडून ज्योतीचा आवाज येई आणि त्यामागून अख्ख्या पहिलीचा. सुरुवातीला त्या आवाजात बाई रूपालीचा आवाज शोधत. कितीतरी दिवस तो सापडला नाही. मग थंडीत केव्हातरी एका सकाळी सापडला. तोच खणखणीत आवाज. शब्द इंग्रजी. मांडीवरचं मूल थोपटता थोपटता त्यांचा हात थांबला. त्यांना आनंद झाला, आणि त्या आनंदात आपण कुठेच नाही हेही लगेच लक्षात आलं.

जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. मैदानावर मांडव, खुर्च्या, पुढच्या रांगेत पाहुणे. नर्सरीचा नाच आधीच उरकला होता, म्हणून सरोजबाई मागे पालकांत येऊन बसल्या. शेजारची खुर्ची रिकामी होती. थोड्या वेळानं तिथे कोंडाबाई येऊन बसली. ठेवणीतली पांढरी साडी, केस तेल लावून चापून बसवलेले. दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली.

रूपाली स्टेजवर आली. माइक तिच्यासाठी खाली करावा लागला. हातवारे करत, कुठेही न अडखळता तिनं एक लांबलचक इंग्रजी कविता म्हटली. टाळ्या पडल्या. कोंडाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं.

“काय म्हणली, बाई?” तिनं विचारलं.

“माझी छोटीशी बाग आहे, म्हणाली. तिथे फुलं आहेत. सकाळी पाखरं येतात, त्यांना मी दाणे घालते.”

“आमच्याकडं कुठली बाग!” कोंडाबाई हसली. मग पुन्हा स्वतःशीच म्हणाली, “पाखरं येतेत, म्हणली.”

रूपाली धावत आली. कोंडाबाईनं तिला छातीशी धरलं. “लई झ्याक बोलली गं माझी बाय! सगळी माणसं तुझ्याकडंच बघायली होती.”

“छान म्हटलंस, रूपाली,” बाई म्हणाल्या.

“थँक्यू, मिस,” रूपाली म्हणाली. तिनं मांडवाच्या पुढच्या भागाकडे, ज्योती उभी होती तिकडे पाहिलं आणि आजीच्या कानाशी लागली. पण आवाज खणखणीत होता, त्यामुळे बाईंना ऐकू आलं. “आजी, इथं मराठीत नको बोलू. मिस बघायली.”

कोंडाबाईनं लगेच पदर तोंडावर धरला. मान हलवून, हसऱ्या डोळ्यांनी ‘नाही बोलत, जा’ अशी खूण केली. रूपाली पळत आपल्या रांगेत जाऊन बसली.

कार्यक्रम पुढे चालू राहिला. पाहुण्यांचं भाषण झालं, अहवाल झाला, एक नाटुकलं झालं, सगळं इंग्रजीत. दोघी शेजारी शेजारी न बोलता बसून राहिल्या. कुठे हसायचं, कुठे टाळ्या वाजवायच्या हे कोंडाबाईला कळत नव्हतं. ती स्टेजकडे तोंड करून तिरक्या नजरेनं सरोजबाईंच्या हातांकडे बघत होती, आणि त्यांनी टाळी वाजवली की वाजवत होती.

सरोजबाईंच्या ते ध्यानात आलं. मग त्यांनी हात शालीतून पुरते बाहेर काढले आणि तिला नीट दिसतील असे जरा वर धरून ठेवले.