फोरमनची लाडकी गोष्ट

लायब्ररीच्या वरच्या हॉलमध्ये दर बुधवारी दुपारी म्हातारी मंडळी जमायची. कुणीतरी आपल्या तरुणपणाची गोष्ट सांगायची, त्या काळचं एखादं गाणं म्हणायचं, मग चहा. त्या बुधवारी पाळी कारखान्यातून रिटायर झालेल्या फोरमनची होती. बायको शेजारीच बसली होती. तिला इथे सगळे 'फोरमनच्या मिसेस' म्हणत.

"एका लग्नात ऑर्केस्ट्रा होता," फोरमन रंगात आला. "ही गात होती. मी हातातली प्लेट तशीच खाली ठेवली. म्हटलं, लग्न करीन तर हिच्याशीच."

मंडळी खूश झाली. एका रिटायर्ड नर्सने तर डोळेही टिपले.

बायकोची कानशिलं तापली. गोष्ट खरी होती, पण ती तिथे संपत नव्हती. लग्नानंतर रेडिओवर गायला तिची निवड झाली, तेव्हा हाच माणूस म्हणाला होता, "माझ्या हाताखाली माणसं आहेत. त्यांनी माझ्या बायकोचं गाणं ऐकत बसायचं?" पुढे भांडी घासताना ती नुसती गुणगुणली, तरी आतून आवाज यायचा, "जरा हळू. डोकं उठलंय." मुलांना झोपवतानाही ती कुजबुजतच गायची. मग तेही सुटलं.

"चल, ऊठ," फोरमन तिच्या खांद्यावर थोपटत म्हणाला. "तेच गाणं म्हण. लाजू नकोस."

"लाजत नाहीये. आधी पुढचं सांगा. रेडिओचं."

"ते कशाला उकरतेस आता?"

"मग मी सांगते."

आणि तिने उभं राहून सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, काही गाळलंही नाही. ग्रंथपालबाई मध्येच म्हणाल्या, "चहा घेऊ या का?"

"चहा थांबेल," ती म्हणाली.

फोरमनचा चेहरा लालबुंद झाला. "घरी जाऊन बोलू."

"घरी तुमचं डोकं दुखतं."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. ती गर्रकन वळली. "हसता काय? तुमच्या घरात काय झालं, तेही येऊ दे पुढच्या बुधवारी."

मागचं हसू जागच्या जागी विरलं.

"गाते मी," ती नवऱ्याला म्हणाली. "पण तुम्ही बाहेर जा. तुमच्यासमोर नाही गाणार."

फोरमनने आधाराला ग्रंथपालबाईंकडे पाहिलं. त्या कप लावू लागल्या. तो खुर्ची ढकलून निघून गेला.

पूर्वी सलून चालवणारे एक गृहस्थ अ‍ॅकॉर्डियन वाजवत. त्यांनी विचारलं, "पट्टी कुठली?" तिने सवयीने जुनीच सांगितली. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत वरच्या सुरावर आवाज फाटला. तिने पुन्हा घेतली, पुन्हा फाटला.

"खाली घेऊ?"

"घ्या."

खालच्या पट्टीत तिने गाणं शेवटपर्यंत नेलं. टाळ्या पडल्या, पण तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. उलट आणखीच संताप आला. एवढा आवाज होता, आणि त्याची माती झाली.

ती हॉलबाहेर आली, तर जिन्यात फोरमन उभाच होता. "झालं समाधान? आणली माझी अब्रू चव्हाट्यावर?"

"समाधान कसलं? माझा आवाज गेलाय. तुम्ही व्हा पुढे."

"आणि तू?"

तिने पाठ फिरवली. हॉलमध्ये परत येऊन तिने अ‍ॅकॉर्डियनवाल्यांना विचारलं, "उद्या याल?"

"मी रोज मोकळाच असतो."

"मग या. वरचा सूर लागेपर्यंत बसायचंय मला."

खाली फोरमनने दार धाडकन लावल्याचं सगळ्यांनी ऐकलं. ती बघायला गेली नाही.