बाल्कनीखालची सावली

नारायणगुड्यातल्या मंडळाच्या हॉलमध्ये पूर्वरंग चांगला भरात आला होता. नांदेडहून आलेल्या बुवांचा गळा असा, की ऐकणाऱ्याने भूक विसरावी. त्रिवेणीचं लक्ष मात्र सतरंजीच्या कडेवर होतं.

हा हॉल म्हणजे पहिल्या मजल्यावरचे दोन फ्लॅट. मधली भिंत पाडून, पुढची बाल्कनी आत घेऊन मंडळाने तो केला, तेव्हा त्रिवेणी लग्न होऊन इथे आलीही नव्हती. इमारतींच्या मजबुतीचं गणित मांडणं हे तिचं रोजचं काम. राहत्या घराच्या जमिनीवर चौरस मीटरला दोनशे किलो भार धरा, असं बांधकामाचा कोड सांगतो. लोक दाटीने बसतील अशा सभागृहाला पाचशे. त्यात बाल्कनी म्हणजे इमारतीने नुसता बाहेर काढलेला हात. तिच्या सळ्या वरच्या अंगाला लागतात. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायांखाली त्या दबल्या, तर तो हात लुळाच.

दरवर्षी खुर्च्या असत. यंदा तिचे सासरे एकनाथराव, मंडळाचे अध्यक्ष, म्हणाले, "कीर्तन मांडी घालून ऐकायचं असतं." सतरंज्या आल्या, माणसं दुप्पट बसली. वारा लागतो म्हणून बायकांनी बाल्कनी धरली.

बाल्कनी जिथे हॉलला मिळते, तिथे फरशीत केसासारखी एक रेघ काल तिला दिसली होती. तिने त्यावर आडवा प्लास्टरचा ठिपका दिला. भेग जुनी आणि मेलेली असेल तर ठिपका टिकतो, चालती असेल तर फुटतो.

"बाल्कनी रिकामी ठेवू या, मामंजी," ती कालच म्हणाली होती.

"फरशी आहे पोरी, तडकायचीच. आमचे पाय तिच्यावर झिजले."

आता तिने सतरंजीचा कोपरा उचलला. ठिपक्याचे दोन तुकडे झाले होते.

"कायकू उकरायलीस गं?" बाल्कनीत कठड्याशी बसलेल्या सावित्रीबाई कुजबुजल्या. "उंदीर शिरला का?"

"काही नाही, मावशी."

नारदाच्या गादीवर उभ्या असलेल्या माणसाला मध्येच थांबवायचं नसतं. हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती, तिच्या रक्तातच होतं. आणि ओरडावं, तर सगळ्या एकदम उठून दाराकडे धावतील. तेच सर्वांत वाईट. पण शेवटी गजराला सगळी माणसं उभी राहणार, टाळांच्या ठेक्यावर जागच्या जागी उड्या मारणार. त्याआधी एकच फट होती: पूर्वरंग संपला की बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, तेवढी.

बुवा दृष्टान्त लांबवत होते. सभा हसली, बाल्कनीतल्या बायका हसता हसता पुढे झुकल्या. त्रिवेणीने डोळे मिटले. देवा, दृष्टान्त आवर.

अखेर नामाला सुरुवात झाली. एकनाथराव हार आणि बुक्क्याची वाटी घेऊन निघाले. तिने त्यांना सतरंजीच्या कडेशी अडवलं आणि रेघ दाखवली.

"मामंजी, इथे चिमूटभर टाका."

"मध्यंतर चाललंय, त्रिवेणी."

"म्हणूनच."

त्यांनी कपाळाला आठ्या घालून वाकून चिमूट सोडली. बुक्का फरशीवर बसला नाही. काळी भुकटी रेघेत उतरली आणि दिसेनाशी झाली. त्यांनी आणखी एक चिमूट टाकली. तीही गेली.

"गजराला सगळे उडी मारतील," ती म्हणाली. "एका ठेक्यात."

एकनाथरावांचा चेहरा उतरला. ते तसेच पुढे गेले. हार घालताना बुवांच्या कानाशी त्यांचं तोंड जरा जास्तच वेळ राहिलं.

बुवांनी टाळकऱ्यांना हाताने थांबवलं. "मंडळी, आज उत्तररंग खाली अंगणात. देवाला मोकळी हवा हवी झालीय. बाल्कनीतल्या माउल्या आधी, एकेक ओळ. टाळ नको, टाळी नको." आणि त्यांनी नाम ठेका सोडून लांबवलं, नुसता सूर, की कुणाचं पाऊल कुणाच्या पावलाशी जुळू नये.

"प्रसाद खालीच ठेवलाय वाटतं," कुणीतरी पुटपुटली. हसत, रेंगाळत बायका निघाल्या. फक्त सावित्रीबाई कठड्याशी बसून राहिल्या.

"माझे गुडघे उठत न्हाईत गं. मी ऐकते इथूनच."

त्रिवेणी चप्पल नसलेल्या पायांनी बाल्कनीत शिरली. पायाखाली जमीन किंचित झुकल्यासारखी वाटली. खरंच झुकली की भीतीने, ते तिला सांगता आलं नसतं. तिने सावित्रीबाईंना काखेत हात घालून उठवलं.

"हळू गं. मला काय नवरी समजलीस का?"

"हौ मावशी. चला."

हॉलची जमीन लागली तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. आत कुणी उरलं नाही हे पाहून तिने दाराला कडी घातली, आणि दोघी कठडा धरून जिना उतरल्या.

अंगणात उन्हाचा चटका होता. साऱ्या बायका सावली बघून दाटीने बसल्या होत्या, थेट बाल्कनीच्या खाली. त्रिवेणी त्यांना उठवायला पुढे झाली.

पण एकनाथराव आधीच निघाले होते. बुक्क्याची वाटी पोटाशी धरून, उघड्या डोक्याने ते उन्हात मधोमध जाऊन बसले आणि शेजारची फरशी थोपटू लागले.

"इकडे या बायांनो," ते म्हणाले. "आज कीर्तन उन्हात ऐकायचं."