बिनभोकाचं कार्ड

तुमसरच्या मंगल कार्यालयात रविवारी खेळाडूंच्या कार्डांचा मेळा भरला होता. एरवी जिथे पंगती बसतात तिथे टेबलं, टेबलांवर प्लास्टिकच्या पाकिटातली कार्डं, आणि त्या वीतभर पुठ्ठ्यांना भिंग लावून बघणारी नागपूर-गोंदियाची शहाणी माणसं. बपेऱ्याची रुखमा सकाळचं बारदान्याची पोती शिवायचं काम आटोपून, दाभण पिशवीत टाकून तशीच आली होती. तिला एकच कार्ड हवं होतं, आणि त्या कार्डावर ती स्वतः होती.

सत्तावीस वर्षांपूर्वी सोनझारी राईस मिलने मुलींचा कबड्डी संघ काढला होता. संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचला, तेव्हा मालकांनी हौसेने सातही जणींची कार्डं छापायचं ठरवलं. पोत्याचं तोंड शिवताना दाभणाची सुतळी कार्डातूनही ओवायची, की तांदळासोबत कार्ड घरोघरी. सहा मुली घरोघरी गेल्या. रुखमा कुठेच गेली नाही. अंतिम सामन्यात शेवटची चढाई तिची होती आणि ती पकडली गेली होती.

"तू हारली म्हणून मालकानं तुया कार्ड छापलाच नाही," असं तिला थोरल्या भावाने, हेमराजने सांगितलं. तो त्याच गिरणीत पोती भरून घेणारा मुकादम, त्याच्यावर अविश्वास कोण दाखवणार? रुखमाने खेळ सोडला तो कायमचा. बाकी सहाजणींची कार्डं मात्र तिने दारोदार मागून आणली आणि एका सुतळीत ओवून जपली. दर दिवाळीला ती माळ काढायची, पुसायची आणि जळफळत परत ठेवायची.

गेल्या आठवड्यात मुलीने, स्वातीने, मोबाईलवर मेळ्याची जाहिरात दाखवली. त्या जाहिरातीत मांडीवर थाप मारणारी, हाफ पँटमधली रुखमा! म्हणजे मालकाने टाकलं नव्हतं तिला. कार्ड छापलं होतं. मग ते पोत्यातून निघालं कसं नाही?

जाहिरातीतलं टेबल सापडलं आणि तिचं डोकं तडकलं. टेबलामागे हेमराज बसला होता. समोर पाटी: 'सोनझारी कबड्डी कार्ड. भोकाचे, वीस रुपये. बिनभोकाचे, पाच हजार.'

"काहून आली?" त्याने बहिणीला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"माया कार्ड पाह्यले आली."

"पाह्य आन् जाय. तुले इकत नाही मी."

नागपूरचे संग्राहक पुंडलिकराव भिंगातून ते कार्ड निरखत होते. "कमाल आहे हो! एकही भोक नाही. मी आजवर असं एकही पाहिलं नाही."

"पाह्यसान कसे साहेब?" हेमराज फुगला. "याले सुतळी लागलीच नाही. पोत्यापावेतो जाऊच देल्ला नाही मी."

बोलून गेला, आणि मग घाईघाईने पाटी सरळ करू लागला. पुंडलिकरावांना काही कळलं नाही. पण रुखमाने जन्मभर पोती शिवली होती. गिरणीतून गेलेल्या प्रत्येक कार्डाला भोक होतं. ज्याला नव्हतं, ते कोणीतरी दाबून ठेवलेलं होतं.

"बाकीचे कुठी आहेत?" तिने विचारलं.

"कोनते बाकीचे?"

"माये. हजारानं छापले असतीन. कुठी आहेत, भाऊ?"

आजूबाजूची माणसं वळली तसा हेमराज उसळला. "जारले! कोंड्याच्या भट्टीत जारले! माया लग्नाची बोलनी सुरू होती आन् तू उघड्या मांड्या घेऊन घरोघरी जाणार होती. कोन पोरगी देल्ली असती मले? एक पेटीत राहून गेला, तो इकून राहिलो. त्याच्यात तुया काय जाते?"

माझं काय जातं! रुखमाला वाटलं, टेबल उचलून याच्या टाळक्यात घालावं. सत्तावीस वर्षं ती त्या एका चढाईसाठी स्वतःला शिव्या देत आली होती, आणि हा भामटा दर राखीला तिच्यासमोर बसून हात पुढे करत होता.

तिने टेबल उचललं नाही. पुंडलिकरावांच्या हातातून कार्ड घेतलं, पाकिटातून काढलं, पिशवीतलं दाभण कार्डाच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि दाबलं.

"अवो, पाच हजाराचा माल आहे तो!" हेमराज किंचाळला. पुंडलिकरावांनी तर डोळेच मिटून घेतले.

दाभण आरपार गेलं. रुखमाने कमरेची चंची उघडली, वीसची नोट काढली आणि पाटीवर आपटली.

"भोकाचा कार्ड. वीस रुपये. तुयाच हातानं लिहिला आहेस."

मग तिने पिशवीतून सुतळीची माळ काढली, गाठ सोडली आणि सहाजणींच्या शेजारी सातवी ओवली. "आन् यंदा राखीले दार ठोठावू नको," एवढं बोलून ती बपेऱ्याच्या गाडीकडे निघाली.